अर्धा इंच

चाकणच्या वेशीबाहेर, नाशिकचा रस्ता जिथे किंचित वळण घेतो, तिथे बरकत उस्तादांचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची एक शेड, पुढे तेल पिऊन काळी कुळकुळीत झालेली जमीन आणि एक कडुनिंब. पाटी नव्हती, बसायला धड खुर्ची नव्हती. पण मंचरपासून भोसरीपर्यंत इंजिनाला हात लावू द्यावा असं दुसरं ठिकाणही नव्हतं. त्यामुळे मोटारवाले मुकाट कडुनिंबाखाली गाड्या लावत आणि आपला नंबर येईपर्यंत एकमेकांची उणीदुणी काढत बसत.

शेडमध्ये माणसं दोनच. एक स्वतः उस्ताद, साठी ओलांडलेले, मेंदीने दाढी लाल केलेले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागलेले. दुसरा उद्धव. गावातलाच माणूस, विशीत असताना उस्तादांच्या हाताखाली आला तो अठरा वर्षं झाली तरी तिथेच होता. आता त्याला दोन मुली होत्या, मिशीत पांढरे केस होते, आणि मोटारवाले त्याला उद्धवराव म्हणत. उस्ताद मात्र पहिल्या दिवसापासून ‘उद्ध्या’च म्हणायचे. एकदा त्याची बायको मंजुळा कुरकुरली होती, "दोन लेकरांचे बाप झालात की अवो, आता तरी त्यांनी नीट हाक मारावी." त्यावर उद्धव हसून म्हणाला होता, "ज्या दिवशी उस्ताद मला उद्धवराव म्हणतील ना, त्या दिवशी त्यांनी मला घालवला असं समज."

उद्धवची कीर्ती होती ती अंगठ्याची. शाळेत तो अंगठेबहाद्दरच राहिला, आणि पुढे पोटालाही अंगठाच लागला, असं उस्ताद चारचौघांत सांगून हसायचे. गोष्ट साधी होती. मोटारीच्या इंजिनाच्या तोंडाशी एक रबरी पट्टा असतो. इंजिन फिरलं की तो पट्टा पंखा फिरवतो, पाण्याचा पंप फिरवतो आणि बाजूचा डायनमोही फिरवतो. पट्टा ढिला राहिला तर घसरतो, पाणी उकळतं, बॅटरी उतरते. जास्त आवळला तर पंपाच्या आणि डायनमोच्या बेअरिंगवर ताण येतो आणि ती आतल्या आत झिजत जातात. बरोबर कसा? तर दोन चाकांच्या मधोमध अंगठ्याने दाबायचा. बेताचा जोर लावून अर्धा इंच दबला की बरोबर. अर्धा इंच कुणालाही मोजता येतो, पट्टी लावली की झालं. पण तो बेताचा जोर कुठल्या पट्टीवर नसतो. तो अंगठ्यात असतो, आणि ज्याच्या नसतो त्याच्या नसतो.

उस्तादांचं त्यावर एक ठरलेलं वाक्य होतं. "ढिला पट्टा ओरडून सांगतो, बाबा, मी ढिला हाय. आवळलेला पट्टा गप ऱ्हातो आणि घर बुडवतो."

उद्धवच्या अंगठ्याला हे सगळं असं काही बसलं होतं की तो बोलता बोलता पट्टा दाबायचा, पहारीने डायनमो केसभर सरकवायचा, नट आवळायचा, पुन्हा दाबायचा आणि म्हणायचा, "झालं." त्या ‘झालं’वर माणसं डोळे मिटून नाशिकचे घाट चढत. उस्तादांचे डोळे अधू झाल्यावर त्यांनी पट्ट्याचं काम जवळजवळ उद्धववरच सोडलं होतं. अधूनमधून तेही दाबायचे, पण सवय म्हणून.

असा हा अंगठा दिवाळीच्या सुमाराला मेला.

मेला म्हणजे दिसायला जिवंतच होता. नख वाढत होतं, रंग तोच होता. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात उद्धव संध्याकाळी घरी हातपाय धूत होता, तेव्हा मंजुळा पाणी ओतता ओतता थांबली आणि म्हणाली, "अवो, हात केवढा भाजलाय तुमचा!" त्याने पाहिलं. अंगठ्याच्या पेरावर रुपयाएवढा फोड होता, वरची कातडी सुटलेली. दुपारी गरम इंजिनाला कुठेतरी टेकला असणार. कधी टेकला ते त्याला आठवेना. आठवणार कसं, त्याला लागलंच नव्हतं.

"कामात कळलं न्हाई," तो म्हणाला.

मग परसात जाऊन, कुणी बघत नाही असं पाहून, त्याने बाभळीचा काटा घेतला आणि अंगठ्यात टोचला. काही नाही. शेजारच्या बोटात टोचला. काही नाही. रक्ताचा थेंब आला आणि तो त्याच्याकडे परक्याच्या रक्ताकडे बघावं तसा बघत राहिला. मग त्याने बाही वर केली. कोपराच्या खाली फिकट चट्टा होता, तो गेल्या पावसाळ्यापासून होता. गजकर्ण असेल म्हणून त्याने लिंबाचा पाला चोळला होता. आता त्या चट्ट्यावर काटा टोचायची गरजच नव्हती. तो काय आहे ते त्याला ठाऊक होतं.

त्याच्या सख्ख्या चुलत्याला तोच रोग झाला होता. उद्धव सात वर्षांचा असताना गावाने त्या माणसाला ओढ्यापलीकडे खोपट बांधून दिलं. आजी रोज ओढ्याच्या अलीकडच्या खडकावर भाकरी ठेवायची आणि मागे फिरायची, मग चुलता पलीकडून येऊन ती उचलायचा. तो मेला तेव्हा खोपटासकट जाळला. त्यानंतर पाच वर्षं उद्धवच्या आत्याला स्थळ येईना, आणि विहिरीवर त्याच्या आईची घागर आली की बाकीच्या बायका आपल्या घागरी उचलून बाजूला होत. हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याची थोरली आता दहा वर्षांची होती आणि रोज त्याच विहिरीवर जात होती.

म्हणून उद्धव गप्प बसला. त्याला भेकड म्हणायचं असेल त्याने खुशाल म्हणावं, पण आधी दहा वर्षांच्या पोरीची घागर डोळ्यांपुढे आणावी.

गप्प बसणं एक वेळ जमलं, अंगठ्याचं काय करायचं? दुसऱ्या दिवशी गाडी आली, बॉनेट उघडलं, उद्धवने पट्ट्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. आपण किती जोर लावतोय हे त्याला समजेना. पट्टा दबलेला डोळ्यांना दिसत होता, चांगला पाऊण इंच. म्हणजे ढिला. त्याने पहारीने डायनमो ओढून पट्टा आवळला. पुन्हा दाबला, अजूनही अर्ध्या इंचाहून जास्तच दिसला. पुन्हा आवळला. ज्याच्या अंगठ्याला काही लागत नाही तो माणूस नकळत सगळं बळ लावून दाबतो, आणि सगळ्या बळाने दाबला तर कुठलाही पट्टा ढिलाच वाटणार. हे गणित उद्धवला तेव्हा सुचलं नाही. तो आपला डोळ्यांना अर्धा इंच दिसेपर्यंत आवळत राहिला, आणि नेहमीसारखा म्हणाला, "झालं."

महिनाभरात एक गाडी डायनमो गुणगुणतोय म्हणून परत आली. मग एक ट्रक आला. उद्धव म्हणाला, "हल्ली बेअरिंगच्या मालात दम न्हाई." उस्तादांनी मान हलवली. उद्धव म्हणाला म्हणजे खरंच असणार.

संक्रांतीच्या दोन दिवस आधी सोपानरावांची टॅक्सी आली. सोपानराव म्हणजे चाकण ते पुणे माणसं भरून नेणारा गडी. बोलायला फटकळ, पण गाडीवर पोटच्या पोरासारखा जीव. जुनी मोठी काळी गाडी, तिला त्यांनी काचेच्या चारही बाजूंनी झेंडूच्या माळा लावलेल्या. पट्टा जुना झाला होता. उद्धवने नवा चढवला, आवळला, दाबला, आवळला. तोवर उस्ताद आले, त्यांनी प्लग पुसले, तारा बघितल्या आणि स्वतःच्या हातांनी बॉनेट लावलं. सोपानराव चहा पिऊन येत होते. त्यांना दिसले ते इंजिनावर वाकलेले आणि बॉनेट लावणारे उस्ताद.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मोशीजवळ, इंद्रायणीचा पूल ओलांडून चढ लागतो तिथे, त्या गाडीच्या पंपाचा दांडा तुटला. त्या दांड्यावरचा पंखा सुटून पुढच्या पाण्याच्या टाकीत घुसला. सोपानरावांनी गाडी थांबवली, धावत जाऊन बॉनेट उघडलं, आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं त्यांच्या उजव्या गालावर आलं. डोळा वाचला. गाल, कान आणि मानेचा निम्मा भाग सोलून निघाला.

सोपानराव तीन आठवड्यांनी गॅरेजवर आले. तोंडाची एक बाजू पट्टीत, दुसरी रागाने लाल. कडुनिंबाखाली पाचसहा मोटारवाले बसले होते.

"कुणी लावला व्हता पट्टा?" ते ओरडले. "दुसऱ्या मिस्त्रीला दाखवली म्या गाडी. तारेवानी ताठ आवळलेला! बेअरिंगचा भुगा झालाय! सांगा, कुणाचा हात व्हता?"

मग सोपानरावच म्हणाले, "म्या बघितलंय. शेवटचा हात म्हाताऱ्याचा व्हता."

उस्ताद शेडच्या दारात उभे होते, हातात फडकं. ते गोंधळले. आपल्या हातांकडे बघितलं, मग उद्धवकडे वळले. त्या नजरेत संशय नव्हता, ते खरंच आठवायचा प्रयत्न करत होते. "उद्ध्या, त्या दिवशी पट्टा कुणी लावला रे? मी प्लग पुसले एवढं ध्यानात हाय. पट्ट्याचं आठवंना बघ."

खरं बोलायला तेवढी एकच वेळ होती. उद्धवच्या डोळ्यांपुढे काय काय आलं असेल ते आलं असेल. ओढ्यापलीकडचं खोपट आलं, विहिरीवरची घागर आली. मी लावला म्हटलं तर पुढचा प्रश्न ठरलेला: असा अंगठा असून असं कसं झालं? मग कुणीतरी म्हणणार, दाखव बघू हात.

"तुम्हीच, उस्ताद," तो म्हणाला.

उस्तादांनी हळूच मान हलवली. "व्हय का," ते म्हणाले. मग सोपानरावांपुढे जाऊन त्यांनी हात जोडले. "भाऊ, माझ्या हातनं झालं. हात गेला म्हणायचा माझा. माफी द्या." एवढं बोलून ते आत गेले, खिळ्यावरची टोपी घेतली आणि मशिदीमागच्या आपल्या घरी निघून गेले. ते दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बायकोने, बेगमने, निरोप पाठवला की पाने, पहार, सगळं उद्धवने वापरावं, उस्ताद आता काम करणार नाहीत.

एकदा तोंडातून शब्द गेला की गेला. उद्धव रोज ठरवायचा, आज जाऊन सांगू. आणि रोज एखादी गाडी यायची, किंवा गाडी नसली तर दुसरं काही निमित्त मिळायचं. निमित्ताला काय तोटा. मोटारवाले म्हणत, "बरं झालं म्हातारा बसला घरी. आता सगळ्यांनाच उद्धवरावांचा अंगठा मिळंल." ते ऐकलं की तो बॉनेटखाली आणखी वाकायचा.

होळी झाली आणि ऊन तापू लागलं. उन्हाळा हा पट्ट्याचा खरा हंगाम. शेडपुढे दोन गाड्या उभ्या होत्या, दोन्हींना पट्टा बदलायचा होता. उद्धवने एकीच्या पट्ट्यावर अंगठा ठेवला, दाबला, पुन्हा दाबला. आवळला किती, ढिला किती, काही म्हणता काही उमगेना. त्याच्या डोळ्यांपुढे सोपानरावांचा गाल आला. त्याने फडकं टाकलं आणि मशिदीकडे चालू लागला.

तो कबुली द्यायला गेला असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. त्याला उस्तादांचा अंगठा हवा होता. परत चला, एवढंच म्हणायला तो निघाला होता.

उस्ताद ओसरीवर बाज उभी करून तिच्यापुढे बसले होते. बाजेच्या पायथ्याची ताणाची दोरी त्यांनी नव्याने ओढली होती आणि ते तिच्यावर अंगठा दाबून बघत होते. दाबायचे, डोळे मिटायचे, सोडायचे, गाठ सोडून दोरी कधी सैल, कधी ताठ करायचे आणि पुन्हा दाबायचे. शेजारी लाकडी फूटपट्टी पडली होती. उद्धवला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"ये, उद्ध्या, ये. बरा आलास. तुझीच वाट बघत व्हतो." त्यांनी त्याला जवळ बसवलं. "दोन महिनं झालं, मी रोज हेच करतोय. बेगम म्हणती, म्हातारा येडा झाला. बेटा, मला तर समदं लागतंय. अर्धा इंच तर अर्धाच, पट्टी लावून बघतो. मग त्या दिवशी माझ्या अंगठ्याला काय झालं? गाडी तुझ्यासमोर हाय म्हणून समज. दाब ही दोरी आणि सांग, बरोबर हाय का जास्त ताठ हाय. तुझा अंगठा माझ्यासाठी पट्टी."

उद्धवने दोरीवर अंगठा ठेवला. लाकडावर लाकूड ठेवावं तसा तो तिथे पडून राहिला. उस्ताद त्याच्या तोंडाकडे बघत होते, लहान मूल परीक्षेचा निकाल ऐकायला बघतं तसे.

"बरोबर हाय," उद्धव म्हणाला.

"बरोबर?" उस्ताद दोरीकडे बघत राहिले. "ही तर मी मुद्दाम आवळली व्हती रे, बघावं म्हणून. तुला बरोबर वाटली?"

तेवढ्यात बेगम चहा घेऊन बाहेर आली. पितळी पेले चुलीवरून उतरलेल्या चहाने भरलेले, तिने ते ओढणीच्या पदरात धरले होते. "सँभाल के, बहोत गरम है," असं म्हणून तिने ते खाली ठेवले आणि ती आत गेली. काहीतरी करायला मिळालं या सुटकेने उद्धवने पेला उचलला. उजव्या हाताने, चारही बोटं आणि अंगठा भोवती लपेटून, घट्ट.

उस्तादांनी आपल्या पेल्याला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग खांद्यावरचं फडकं घेतलं. फडकं हातातच राहिलं. ते उद्धवच्या हाताकडे बघत होते. एक डोळा अधू असला तरी दुसरा चांगला होता.

"उद्ध्या, पेला खाली ठेव."

उद्धवने खाली बघितलं. मग त्याला समजलं, आणि त्याने पेला ठेवला. तळवा लालभडक झाला होता.

उस्तादांनी त्याचा हात हातात घेतला. न घाबरता घेतला, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी अंगठा उलटसुलट केला, जुन्या फोडाचा व्रण बघितला, बाही वर सारली, चट्टा बघितला. आणि बाही पुन्हा खाली ओढून बटण लावून दिलं.

"कधीपासनं?"

"दिवाळीपासनं."

मशिदीच्या आवारात कुणीतरी खराट्याने पाला झाडत होतं. मग ते म्हणाले, "म्हंजे सोपानच्या गाडीच्या आधीपासनं."

"व्हय."

"पट्टा तू लावलास."

"व्हय, उस्ताद." आणि मग उद्धव रडायला लागला. अडतीस वर्षांचा बाप्या, गुडघ्यात डोकं घालून, पोरासारखा. त्याने पाय धरायला हात पुढे केले, तर उस्तादांनी पाय मागे घेतले.

"आजार अल्लाच्या हातचा," उस्ताद म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "त्यात तुझा कसूर न्हाई. त्या दिवशी माझ्या कानात सांगितलं असतंस, तर मी सोपानपुढं आपणहून म्हटलं असतं, माझ्या हातनं झालं. आनंदानं म्हटलं असतं. पण तू मलाच पटवलंस. दोन महिनं मी माझ्या हाताला शिव्या घातल्या. रात रात ह्या दोरीवर बसलो. सोपानचं तोंड भाजलं म्हणून नमाजात रडलो. ह्या हातांनी तुला शिकवला, आणि ह्या हातांवरचाच माझा भरोसा तू उडवलास."

उद्धव ओसरीच्या कडेला सरकला.

"मी आत्ता जाऊन सोपानला खरं सांगतो," तो कसाबसा म्हणाला.

"काय सांगशील? आणि का झालं म्हणून इचारल्यावर? मंजुळाला विहिरीवर पाणी भरू देतील? पोरींना?" उस्तादांनी मान हलवली. "आता खरं बोलायची सोय न्हाई ऱ्हायली. ती तू घालवलीस. पुण्याला ह्या रोगाचा दवाखाना हाय, गोळ्या देतात. सामान आणायला म्हणून जायचं. मी उद्यापासनं कामावर येतो."

उद्धवला क्षणभर वाटलं, माफ केलं. तो डोळे पुसत उठला. उस्तादांनी बाजेची गाठ सोडायला घेतली होती, त्यांनी मान वर केली नाही.

"जाताना फाटक ओढून घ्या, उद्धवराव," ते म्हणाले.

पुण्याच्या दवाखान्यात उद्धव सामान आणायच्या निमित्ताने गेला. डॉक्टर तरुण होते, मनाने चांगले होते. त्यांनी कापसाचं टोक हातावर फिरवलं, डोळे मिटायला लावले, कुठे लागतंय ते विचारलं. मग म्हणाले, रोग आता थांबेल, गोळ्या नेमाने घ्या, घाबरू नका. उद्धवने विचारलं, अंगठ्याला पुन्हा समजायला लागेल का? डॉक्टरांनी कापूस खाली ठेवला. मेलेली नस परत जिवंत होत नाही, ते म्हणाले. करंगळीही वाकू लागली आहे, तिला रोज तेल लावून ताणत जा. उद्धवने गोळ्यांची पुडी नव्या रबरी पट्ट्यांच्या गुंडाळीत लपवून आणली.

आणि गॅरेज पुन्हा दोघांचं झालं. पण कसं, ते बघा. लोकांच्या लेखी हात गेला होता तो उस्तादांचा. गाडी आली की मोटारवाला आधीच सांगायचा, म्हाताऱ्याला पट्ट्याला हात लावू देऊ नका. तेव्हा त्या दोघांनी, न बोलता, एक रीत पाडली. उद्धव पट्टा चढवायचा. मग उस्ताद फडकं घेऊन यायचे आणि पट्ट्यावरचं तेल पुसल्यासारखं करायचे. फडक्याच्या आत त्यांचा अंगठा असायचा. पट्टा ढिला असला तर ते फडकं डाव्या खांद्यावर टाकायचे, ताठ असला तर उजव्या. बरोबर असला की फडकं हातातच ठेवून मागे सरायचे. मग उद्धवने पुढे व्हायचं, सगळ्यांच्या देखत मेलेला अंगठा पट्ट्यावर ठेवायचा आणि म्हणायचं, "झालं."

त्यांच्यात दुसरं बोलणं उरलं नव्हतं. पाना द्या, उद्धवराव. नट आवळा, उद्धवराव. अठरा वर्षांत त्या शेडमध्ये एवढ्या अदबीने कुणी कुणाशी बोललं नसेल. मंजुळाने एकदा ते ऐकलं, जेवण घेऊन आली होती तेव्हा. ती घरी आल्यावर खूश होऊन म्हणाली, "बघा, शेवटी मान दिलाच की त्यांनी तुम्हाला." उद्धव जेवता जेवता उठला आणि परसात गेला.

वैशाखात सोपानराव आले. गाडीत नवं इंजिन बसवलं होतं, झेंडूच्या माळा नव्हत्या. उजवा गाल गुलाबी आणि चकचकीत झाला होता, बोलताना ती बाजू हलत नव्हती. त्यांनी उस्तादांकडे बघितलंही नाही.

"उद्धवराव, पट्टा बघा," ते म्हणाले. "तुमीच बघा. दुसऱ्याचा हात नगं."

उद्धवने पट्टा चढवला. त्याला वाटलं, बस झालं. होऊ दे काय व्हायचं ते. चुलता ओढ्यापलीकडे एकटा मेला, पण निदान त्याच्या पापाची टोपी दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर नव्हती. तो सोपानरावांकडे वळला आणि म्हणाला, "सोपानराव, एक सांगायचं व्हतं. त्या दिवशी..."

त्याच्या दंडावर हात पडला. उस्ताद फडकं घेऊन आले होते. त्यांनी दंड असा दाबला की उद्धवला दुखलं. दंडाला अजून समजत होतं.

"जरा सरका, उद्धवराव. तेल पुसतो," उस्ताद म्हणाले.

"पुसू द्या म्हाताऱ्याला," सोपानराव गालाच्या चांगल्या बाजूने म्हणाले. "तेवढंच जमंल आता त्याला."

उस्तादांनी वाकून पट्टा पुसला. फडकं उजव्या खांद्यावर गेलं. उद्धवने डायनमो केसभर सैल केला. पुन्हा पुसणं झालं. या वेळी फडकं हातातच राहिलं आणि उस्ताद मागे सरले. उद्धवने अंगठा ठेवला, दाबला, पट्टा अर्धा इंच खाली गेलेला बघितला.

"झालं," तो म्हणाला.

सोपानरावांनी बॉनेट लावलं, गाडी सुरू केली, कान देऊन ऐकलं आणि मोशीच्या चढावर भाजल्यापासून कदाचित पहिल्यांदाच हसले. तेही निम्म्याच तोंडाने. खिडकीतून हात काढून त्यांनी उद्धवचा अंगठा धरला, हलवला आणि कडुनिंबाखालच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "अंगठा असावा तर असा! बघून घे रे म्हाताऱ्या!"

गाडी पुण्याकडे गेली. सोपानरावांनी अंगठा किती घट्ट धरला होता ते उद्धवला समजलं नव्हतं, नखाखाली पांढरं झालं होतं त्यावरून अंदाज करायचा. उस्ताद नळाखाली फडकं धूत होते. त्यांनी ते पिळलं, झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

"पुढची गाडी आत घ्या, उद्धवराव," ते म्हणाले.